तिरुवाचकम आणि ऑर्केस्ट्रा : भक्तिपदांना व्हायोलिनांचा ताफा मानवतो का?

वेलचीदाणा

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकते.

गेली अकरा वर्षं मी चेन्नईत मैलापूरला राहते. आमच्या खालच्या मजल्यावर एक पाट्टी आहेत. पाट्टी म्हणजे आजी, सगळी इमारत त्यांना याच नावाने हाक मारते. वय ब्याऐंशी. रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून त्या 'शिवपुराणम' म्हणतात. हे आपलं संस्कृत शिवपुराण नव्हे. नवव्या शतकाच्या सुमाराच्या माणिक्कवाचकर या शैव संताचा 'तिरुवाचकम' हा तमिळ भक्तिपदांचा संग्रह आहे, त्यातलं हे पहिलं पद, पंचाण्णव ओळींचं. ना पेटी, ना टाळ. एका लयीत, थोडं थांबत, थोडं पुढे जात. जिन्यातून जाताना ते कानावर पडलं की माझा पाय आपोआप हळू होतो.

मग एका मैत्रिणीने मला संगीतकार इळैयराजांचं 'तिरुवासकम इन सिंफनी' ऐकवलं. 2005 मध्ये आलेलं, सहा पदांचं, बुडापेस्ट सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवलेलं. पहिल्यांदा ऐकून संपलं तेव्हा मी रडत होते, आणि का ते मला सांगता येईना. तमिळ तोवर भाजीबाजारापुरतंच येत होतं.

गेल्या महिन्यात ते मी पाट्टींना ऐकवलं. त्यांनी दोन पदं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, "नल्ला इरुक्कु. पण यात मला म्हणता येत नाही, नुसतं ऐकावं लागतं." (नल्ला इरुक्कु म्हणजे छान आहे.)

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. जे पद स्वतः म्हणण्यासाठी आहे, ते ऐकण्याचं झालं तर त्यात काही हरवतं का? की मला जे रडू आलं तेही तितकंच खरं? संगीत शिकलेल्यांनी आणि न शिकलेल्यांनीही लिहा.

---

कोमल ऋषभ

पाट्टींनी एका वाक्यात सगळं सांगितलं की हो. माझं मत स्पष्ट आहे. ऑर्केस्ट्राबद्दल मला आदरच आहे, पण भक्तिपदाला तो मानवत नाही.

आपल्याकडे, उत्तरेत काय नि दक्षिणेत काय, षड्ज, म्हणजे सा, हलत नाही. तंबोरा तेच सांगत असतो. बाकीचे सूर त्याच्याभोवती फिरतात, त्याच्याशी भांडतात, परत येतात. षड्ज म्हणजे विटेवरचा विठोबा. पाश्चात्त्य हार्मनीत, म्हणजे अनेक स्वर एकत्र वाजवण्याच्या पद्धतीत, पायाचाच स्वर दर दोन मात्रांनी बदलतो. खालून आधार सरकला की वर गाणारा तोच गंधार वेगळा वाटायला लागतो. ज्या पदात माणूस "तुझे पाय धरतो" म्हणतोय, तिथे पायाखालची जमीनच हलवायची?

---

रिकामा झुला

विटेवरचा विठोबा. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

---

चौथी तार

पुण्यात एका हौशी तंतुवाद्यवृंदात मी व्हियोला वाजवते, त्यामुळे थोडं आतून सांगते.

पाश्चात्त्य स्वरलिपीत स्वर कधी सुरू होतो, किती टिकतो, किती जोरात, हे सगळं लिहिता येतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत काय घडतं, ते मात्र जवळजवळ लिहिता येत नाही. आमच्या गटात आम्ही एकदा साधं भजन बसवायला घेतलं. "इथे मींड" (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) असं पेन्सिलीने लिहिलं आणि आठ व्हायोलिनं आठ वेगवेगळ्या वेगांनी घसरली. ती मींड राहिली नाही, चिखल झाला. शेवटी आम्ही मींड फक्त एकटीला दिली आणि बाकीच्यांनी सरळ, लांब स्वर धरले. तेव्हा कुठे गाणं उभं राहिलं. मोठे संगीतकार पुष्कळदा हेच करतात. गमक, म्हणजे स्वराचं आंदोलन, गळ्याला द्यायचं, वाद्यवृंदाने भिंत धरायची.

आता रागाचं. तिरुवाचकम परंपरेने मोहनम रागात म्हणतात. मोहनम म्हणजे आपला भूप : सा रे ग प ध. या पाच स्वरांत तीन-तीन स्वरांचे जुळणारे संच, म्हणजे कॉर्ड, शोधायला जा. दोनच सापडतात. सा-ग-प हा एक, ध-सा-ग हा दुसरा. तिसऱ्याला मध्यम किंवा निषाद लागतो, आणि ते आले की भूप राहिला कुठे? म्हणजे संगीतकार दोन कॉर्डांवर अर्धा तास काढू शकत नाही, आणि तिसरा घेतला की राग मोडतो. कोमल ऋषभ यांचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या अगदी खरा आहे.

पण म्हणून करूच नये असं मला वाटत नाही. ही अडचण ज्याला माहीत आहे आणि तरीही जो लिहितो, तो काहीतरी तिसरंच शोधत असतो.

---

वेलचीदाणा

@चौथी तार, पाट्टी म्हणतात ते भूपासारखं आहे हे मला आजवर कळलंच नव्हतं! आता संध्याकाळी जिन्यात उभी राहून सा रे ग प ध शोधणार.

---

माटुंग्याचा मुलगा

एक दुरुस्ती, राग मानू नये. याला सिंफनी म्हणणं बरोबर नाही. सिंफनी ही मुळात वाद्यांची रचना. धार्मिक शब्द, एकल गायक, वृंदगान आणि ऑर्केस्ट्रा असं एकत्र येतं त्याला ऑरेटोरिओ म्हणतात. जाणकारांनीही या कामाला तेच नाव दिलं. नावात सिंफनी आल्यामुळे कित्येकांनी ते चुकीच्या अपेक्षेने ऐकलं. पन्नास मिनिटांची वाद्यरचना हवी असलेल्यांना शब्द जड झाले, आणि शब्द हवे असलेल्यांना वाद्यं.

बाकी माझं बालपण माटुंग्यातलं. खाली फुलवाल्यांची रांग, एका बाजूला आस्तिक समाजाचं देऊळ, दुसऱ्या बाजूला आमची मराठी चाळ. मार्गळी या तमिळ महिन्यात (डिसेंबर-जानेवारी) पहाटे देवळातून तिरुवेम्पावै ऐकू यायचं. तेही माणिक्कवाचकरांचंच, वीस कडव्यांचं. मुली एकमेकींना उठवतात, "अजून झोपली आहेस का गं?" म्हणून. मला तमिळ येत नव्हतं, पण कोणीतरी कोणाला तरी लाडाने उठवतंय हे कळायचं. थंडीत गोधडीत पडून ते ऐकणं, याच्याइतकं सुख मला अजून सापडलेलं नाही.

---

कोमल ऋषभ

@माटुंग्याचा मुलगा, मग तुम्हीच सांगा, त्या पहाटेच्या आवाजामागे साठ वादक असते तर ते सुख मिळालं असतं?

---

माटुंग्याचा मुलगा

नाही. पण पहाटे गोधडीत मला हवं होतं ते वेगळं, आणि सभागृहात बसून हवं असतं ते वेगळं. शिरा आणि पुरणपोळी दोन्ही गोडच.

---

तंजावूरचा पाटा

आमचं घराणं तंजावूरचं. सात पिढ्या तिकडेच. आजीचं मराठी तुम्हाला अर्धं कळलं नसतं. या विषयावर गप्प बसवत नाही, म्हणून लिहितो. लांब होईल, सांभाळून घ्या.

ऑर्केस्ट्रा आणि तमिळ भक्ती हे आज अचानक भेटलेत असं जे सगळे धरून चालले आहेत, ते तसं नाही. दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द 1798 ते 1832) हे आपले भोसले. त्यांना श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने शिकवलं. महाराजांना पाश्चात्त्य संगीताचा नाद होता, दरबारी बँड होता, पाश्चात्त्य वाद्यं होती. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ होते, ज्यांच्यामुळे आजचं भरतनाट्यम आकाराला आलं. धाकट्या वडिवेलुने व्हायोलिन आत्मसात केलं. इकडे मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांनी मद्रासेत युरोपीय शिक्षकाकडून व्हायोलिन शिकून घेतलं आणि ते कर्नाटक संगीतात आणलं. आज तमिळ भक्तिगीतांच्या मैफिलीत व्हायोलिन नसेल तर लोक विचारतात, "साथीला कोणी नाही का?" दोनशे वर्षांपूर्वी ते परकं वाद्य होतं!

खुद्द मुत्तुस्वामी दीक्षितर (1775 ते 1835) लहानपणी मद्रासच्या किल्ल्यावर इंग्रजांचा बँड ऐकायला जात. त्या चालींवर त्यांनी संस्कृत देवस्तुती बांधली. त्या रचनांना नोट्टुस्वर म्हणतात. इंग्रजांच्या राष्ट्रगीताच्या चालीवर 'सन्ततं पाहि माम्' आहे. आजही मुलांना सुरुवातीला शिकवतात. दीक्षितरांसारख्या श्रीविद्येच्या (देवीच्या एका तांत्रिक परंपरेच्या) उपासकाला त्यात विटाळ वाटला नाही.

आणि एक. पाट्टींचा एकटीचा आवाज आणि समोर मोठा ताफा, असा सामना इथे मांडला जातोय. पण तंजावूरच्या मोठ्या देवळात पहिल्या राजराज चोळाचा शिलालेख आहे. तिरुप्पदियम, म्हणजे शैव संतांची पदं, देवासमोर गाण्यासाठी त्याने अठ्ठेचाळीस गायक नेमले, शिवाय एक उडुक्कै (डमरूसारखं वाद्य) वाजवणारा आणि एक कोट्टिमत्तळम (ढोलासारखं वाद्य) वाजवणारा. एकूण पन्नास माणसं, हजार वर्षांपूर्वी! भव्यतेची हौस बुडापेस्टहून आलेली नाही.

त्याच देवळाच्या भिंतीवर आमच्या भोसल्यांची बखरही मराठीत कोरलेली आहे. लहानपणी वडील बोटाने अक्षरं दाखवत वाचून दाखवायचे.

---

बोरीचा काटा

दंडवत घ्या. असे प्रतिसाद वाचायलाच इथे येते.

---

कोमल ऋषभ

@तंजावूरचा पाटा, माहितीबद्दल मनापासून आभार. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने जातं. व्हायोलिन आलं, पण कसं आलं? मांडी घालून बसलं, छातीला टेकलं, तारांची जुळणी बदलून घेतली, गमक शिकलं. ते आपलं झालं. ऑर्केस्ट्रा मात्र स्वतः बदलत नाही, पदालाच बदलायला लावतो.

---

मडगांवचो दर्यो

माझी मराठी थोडी कोकणी वळणाची आहे. कोमल ऋषभ, तुमचा मुद्दा आवडला, पण गोव्यात उलटंही घडलं. आमच्याकडे गावोगावच्या चर्चच्या शाळांत पोरांना अक्षरांबरोबर स्वरलिपी शिकवत. माझे पाय (वडील) त्याच शाळेत व्हायोलिन शिकले. शेजारी देवळात भजन चालू असायचं. तेही त्यांच्या कानात होतं. अशा कानांतूनच अँथनी गोन्साल्विस झाले, मूळ माजोर्डा गावचे. 1958 साली त्यांनी मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर बांधलेल्या स्वतःच्या रचना वाजवल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. तिथे ऑर्केस्ट्राला रागापुढे वाकायला लावलं होतं.

तमिळ शैव पदांसाठी एका संगीतकाराने केलं, ते आमच्या माणसाने जवळजवळ पन्नास वर्षं आधी हिंदुस्थानी रागांसाठी करून बघितलं. पुढे त्या कामाला पैसे मिळाले नाहीत, ऐकणारे मिळाले नाहीत, आणि ते राहून गेलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

---

सुतळी

एक शंका. चेन्नईत इतके वादक असताना बुडापेस्ट कशाला?

---

चौथी तार

@सुतळी, चेन्नईच्या सिनेमा स्टुडिओंत व्हायोलिनवादक उत्तम होते, प्रश्न त्यांच्या दर्जाचा नव्हताच. पण पूर्ण ताफा म्हणजे तंतुवाद्यांचे पाच गट, शिवाय ओबो, बसून, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, टिंपनी, आणि हे सगळे वर्षानुवर्षं एकत्र वाजवणारे. असा कायमस्वरूपी संच तेव्हा भारतात नव्हता. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 मध्ये झाला, म्हणजे हा अल्बम आल्यावर वर्षाने.

---

माटुंग्याचा मुलगा

आणि या कामामागे तमिळ मय्यम नावाची संस्था होती, जिचे कर्तेधर्ते एक कॅथलिक धर्मगुरू, जगत गॅस्पर राज. शैव संताची पदं, संगीत हिंदू भक्ताचं, पुढाकार पाद्र्याचा, वादक हंगेरीचे, इंग्रजी ओळी अमेरिकेतल्या स्टीफन श्वार्ट्झ यांच्या.

---

तंजावूरचा पाटा

पुन्हा श्वार्ट्झ! आमच्या सरफोजी महाराजांना शिकवणाराही श्वार्ट्झच. योगायोगच, पण अंगावर काटा आला.

---

बोरीचा काटा

इंग्रजी ओळींबद्दल मात्र बोलायचंय. मी परवा पूर्ण ऐकलं. वीस मिनिटांचं जे मोठं पद आहे, 'पोल्ला विनैयेन', त्यात तमिळ ऐन रंगात आलेलं असताना मधेच इंग्रजी येतं आणि माझी समाधी मोडते. पदाचा अर्थ सांगायचा तर पुस्तिकेत छापा. देवाशी चाललेलं बोलणं मधे थांबवून पाहुण्यांना समजावून का सांगायचं?

---

लंडनचा पाऊस

@बोरीचा काटा, माझा अनुभव वेगळा. माझी मुलगी इथेच जन्मली, मराठीच तिला कशीबशी येते. त्या इंग्रजी ओळींमुळे ती थांबली. "बाबा, हा माणूस देवाची माफी मागतोय का?" म्हणाली. मग मूळ तमिळ कुठलं ते आम्ही दोघांनी शोधून काढलं. जी. यू. पोप यांनी 1900 साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तिरुवाचकमचं इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डहून छापलं, तेही तिने वाचनालयातून आणलं. समजावून सांगण्याचा इतका राग नको. कोणाला तरी दार तिथूनच सापडतं.

मार्च 2025 मध्ये इळैयराजांची 'व्हॅलिअंट' ही सिंफनी इथे रॉयल फिलहार्मोनिकने वाजवली. ती खरोखरची सिंफनी, शब्दांशिवाय. आम्ही गेलो होतो. आजूबाजूला तमिळ आज्या कांजीवरम नेसून आल्या होत्या, गजऱ्यांचा वास येत होता, आणि समोर काळ्या कोटातले वादक. माझ्या शेजारच्या आजी सुरू होण्याआधी हात जोडून बसल्या.

---

बोरीचा काटा

मुलीचं वाचून बरं वाटलं. माझं मत बदललं नाही, पण बरं वाटलं.

---

दिंडीतला टाळ

मला संगीतातलं फार कळत नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे, शब्दांवर वाढलोय. धागा वाचून मी त्या सहा पदांचे अर्थ शोधत बसलो, कॉलेजातल्या एका तमिळ मित्राला फोन करून करून. गेले चार दिवस तेच चाललंय. जे हाती लागलं ते लिहितो, कारण इथे सगळे सुरांबद्दल बोलताहेत आणि पदं काय म्हणतात ते कोणी सांगतच नाहीये.

पहिलं पद 'पूवार सेन्नि मन्नन'. मुळात ते यात्रेचं पद आहे. "चला, वेळ झाली, खोटं सगळं इथेच टाकून धन्याच्या पायांशी जाऊ." वाचलं आणि आळंदीहून पालखी निघतानाची गर्दी डोळ्यांपुढे आली. ऑर्केस्ट्राचं शोभून दिसणं मला इथे कळलं. हे एकट्याने म्हणायचं पद नाहीच. चला म्हणणाऱ्याला सोबत लागते.

दुसरं, वीस मिनिटांचं. ते शिवपुराणममधलंच आहे, म्हणजे पाट्टी रोज म्हणतात त्यातलं. "गवत झालो, झुडूप झालो, किडा झालो, झाड झालो, नाना पशू झालो, पक्षी, साप, दगड, माणूस, भूत झालो... सगळे जन्म घेऊन थकलो रे देवा." वेलचीदाणा, तुम्हाला भाषा न कळता रडू आलं ते बहुतेक इथेच. एवढे जन्म दाखवायला एक तंबोरा पुरेल की वीस मिनिटं आणि शंभर वाद्यं लागतील, हे मी नाही ठरवू शकत. पण लिहिणाऱ्याला ती लागली हे मला पटतं.

तिसऱ्यात भुंग्याला सांगतात, "जा, त्याच्यापाशी जाऊन गुणगुण." अहो, माउलींचा 'रुणुझुणु रे भ्रमरा'! चारशे वर्षांचं अंतर, दोन भाषा, भुंगा तोच.

चौथं, 'उम्बर्कट्करसे'. दहा कडव्यांच्या ज्या रचनेतलं ते आहे, तिच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी म्हणतात, "तुला मी घट्ट पकडलंय, आता कुठे जाशील?" मी हे वाचून खुर्चीतून उठलो. आमच्या जनाबाईने काय केलं? 'धरिला पंढरीचा चोर'. गळ्यात दोर बांधून हृदयात कोंडला. माणिक्कवाचकरांनी घट्ट धरला, जनीने बांधून घातला. पळणारा एकच असावा.

पाचवं 'मुत्तु नट्रामम'. बायका देवाच्या स्नानासाठी सोन्याचं सुगंधी चूर्ण कांडताना म्हणतात ते. कांडणाचं गाणं! माझ्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या ज्याने ऐकल्या आहेत त्याला याचा ठेका वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सहावं, "वारुळातल्या सापाला भीत नाही, खोटारड्यांच्या खऱ्यालाही भीत नाही, पण ज्यांनी माझ्या देवाला जाणलंच नाही त्यांना पाहिलं की मात्र भिती वाटते."

मग मी अल्बम पुन्हा लावला. पहिल्यांदा मला ते फक्त मोठं वाटलं होतं. या वेळी प्रत्येक ठिकाणी काय चाललंय ते दिसत होतं. कोमल ऋषभ, तुमचा विठोबा विटेवरून हलला असेल, पण वारकरी चालतातच ना?

---

कोमल ऋषभ

@दिंडीतला टाळ, तुमच्या प्रतिसादाला काय म्हणू. आज ऑफिसातून येताना बसमध्ये चौथं पद लावलं आणि "आता कुठे जाशील" मनात ठेवून ऐकलं. षड्ज हलतो तेव्हा मला अजूनही टोचतं. पण आज वाटलं, पकडलेला माणूस निसटायला बघतोय म्हणूनच जमीन हलत असेल. हा अर्थ मी लावला, संगीतकाराचा होता की नाही ठाऊक नाही. मत पूर्ण बदललेलं नाही. देवळातलं ओदुवारांचं गाणं आजही माझ्यासाठी वरच आहे.

---

सुतळी

ओदुवार म्हणजे?

---

तंजावूरचा पाटा

@सुतळी, शिवालयात तेवारम, तिरुवाचकम ही पदं गाण्याचा परंपरेने अधिकार असलेले गायक. त्यांचे राग म्हणजे पण्. पण्ंची नावं जुनी आहेत आणि आजच्या रागांशी त्यांची सांगड घातली गेली आहे. उदाहरणार्थ पळम्पंजुरम म्हणजे शंकराभरणम, म्हणजे हिंदुस्थानीतला बिलावल, म्हणजे पाश्चात्त्यांचा मेजर स्केल! चौथी तार यांना भूपात जी अडचण आली ती तिथे येणार नाही. त्या पण्मधलं तेवारम कोणी वाद्यवृंदासाठी लिहिलं तर सातही स्वर हाताशी असतील.

अवांतर होतंय, पण तंजावूरचे अब्राहम पंडितर (1859 ते 1919) यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. ख्रिस्ती, तमिळ सिद्ध पद्धतीचे वैद्य, आणि प्राचीन तमिळ संगीतावर 'करुणामृत सागरम' हा प्रचंड ग्रंथ लिहिणारे. 1916 साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे हे श्रुतींचा, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचा, आपला सिद्धान्त मांडायला गेले होते, आणि त्यांच्या मुलींनी गाऊन तो दाखवला. मराठी माणसाने बोलावलेल्या परिषदेत तमिळ ख्रिस्ती पंडिताच्या मुली श्रुती गाऊन दाखवताहेत, हे दृश्य मला फार आवडतं.

---

माटुंग्याचा मुलगा

अवांतर चालूच आहे तर : आज तमिळनाडूत नामसंकीर्तनात अभंग सर्रास गातात. हरिकथेत साकी, दिंडी, ओवी हे आपले प्रकार तंजावूरच्या मराठी कीर्तनकारांमुळेच गेले. अरुणा साईराम तर मुंबईतच जन्मल्या-वाढल्या. त्यांनी कर्नाटक मैफिलीत अभंग नेला आणि सभागृहं टाळ्यांनी भरली. तेव्हा आपल्यापैकी कोणी "अभंगाला मृदंगम मानवतो का" असा धागा काढला नव्हता. आपण खूश झालो होतो.

---

बोरीचा काटा

हे अगदी नेमकं. आपली वस्तू दुसऱ्याकडे गेली की कौतुक, आणि दुसऱ्याची तिसऱ्याकडे गेली की शुद्धतेची काळजी. मी स्वतःलाही यात धरते.

---

चौथी तार

एम. एस. सुब्बुलक्ष्मींचंही आठवलं. 1966 मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्यांनी शेवटी राजाजींनी लिहिलेलं इंग्रजी प्रार्थनागीत गायलं, त्याला चाल दिली होती मद्रासच्याच हँडल मॅन्युअल यांनी, पाश्चात्त्य पद्धतीची. कोणी ते लावलं की मी अजून हातातलं काम ठेवते. गळा तोच, श्रद्धा तीच, पायाखालची हार्मनी वेगळी.

---

वेलचीदाणा

सगळ्यांचे आभार. दिंडीतला टाळ, तुमचा प्रतिसाद मी छापून घेतला आणि काल संध्याकाळी पाट्टींकडे घेऊन गेले. मोडक्या तमिळमध्ये त्यांना भुंग्याचं आणि जनाबाईचं सांगितलं. चोराला दोर बांधला हे कळल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग म्हणाल्या, "ते पद लाव."

मी फोनवर 'उम्बर्कट्करसे' लावलं. थोडा वेळ त्या ऐकत होत्या. मग ऑर्केस्ट्रा चालू असतानाच त्यांनी तेच पद आपल्या चालीत म्हणायला सुरुवात केली. सूर वेगळा, लय वेगळी. दोन्ही एकमेकांत अडकत होते, सुटत होते. फोन बंद करायला माझा हात पुढे गेला तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. फोनवरचं आधी संपलं. पाट्टी पुढे म्हणत राहिल्या, दहाही कडवी. प्रत्येक कडव्याच्या शेवटी "सिक्केनप् पिडित्तेन" (घट्ट पकडलंय) आलं की मूठ वळायच्या.

"यात म्हणता येत नाही" हे त्यांनी मागे घेतलं का, ते मी विचारलं नाही.

---

दिंडीतला टाळ

वेलचीदाणा, पाट्टींना माझा नमस्कार सांगा. आणि एक मागणं आहे. शिवपुराणमच्या पंचाण्णव ओळी देवनागरीत लिहून द्याल का? या आषाढीला वाटेत म्हणायच्या आहेत.

---

तंजावूरचा पाटा

देताना ऴ कडे लक्ष ठेवा. 'तमिऴ' या शब्दातला शेवटचा. तो ळ नाही आणि य पण नाही. जीभ मागे वळवायची आणि कुठेही टेकवायची नाही. आजी आम्हा पोरांना केळ्यासाठी 'वाऴैप्पऴम' हा शब्द म्हणायला लावायची, चुकलं की केळं मिळायचं नाही.

---

वेलचीदाणा

@दिंडीतला टाळ, नक्की. पहिल्या दोन आत्ताच देते :

नमच्चिवाय वाऴ्ग नादन् ताळ् वाऴ्ग
इमैप्पॊऴुदुम् ऎन् नॆञ्जिल् नीङ्गादान् ताळ् वाऴ्ग

(नमःशिवाय या नामाचा जय असो, नाथाच्या पायांचा जय असो. पापणी लवेपर्यंतही जो माझ्या हृदयातून दूर होत नाही, त्याच्या पायांचा जय असो.)

बाकीच्या त्र्याण्णव रविवारपर्यंत. ळ आणि ऴ पाट्टी स्वतः तपासणार आहेत.